संगणकांतील सांकेतिक दुवा आणि म्हसवडकडील कागदांची मांडणी

माणगंगेच्या कांठचें म्हसवड हें गांव आज सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांत मोडतें. परंतु म्हसवडसंबंधीं कागद शोधूं लागलेल्या अभ्यासकानें ते ‘म्हसवड’ याच नांवाखालीं सांपडतील असें समजूं नये. येथील माने घराण्याचे कागद कधीं माने या आडनांवाखालीं, तर कधीं म्हसवडकर या नांवाखालीं नोंदलेले आढळतात. संताजी घोरपडे यांच्या १६९७ मधील वधाशीं ज्यांचें नांव जोडलें जातें ते नागोजी माने याच घराण्यांतील. सबब त्यांच्याविषयींचा मजकूर घोरपड्यांच्या साधनांत, मोगली अखबारांत व वतनाच्या कागदांत असा तिन्हीकडे धुंडाळावा लागतो. श्रीसिद्धनाथाच्या देवस्थानाचे कागद निराळे. गांवानजीकचा मोठा तलाव सरकारी लिखाणांत ‘म्हसवड तलाव’ आहे, तर लोकांच्या तोंडीं ‘राजेवाडीचा तलाव’. शेजारचें आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानांत होतें. पुढें १९४९ मध्यें सातारा जिल्हा दुभंगून उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्यें दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. एवढ्या उलथापालथींतून आलेला एखादा पाटपाण्याच्या तंट्याचा कागद कोणत्या मथळ्याखालीं ठेवावयाचा? व्यक्ति पाहावी तर माने, स्थळ पाहावें तर म्हसवड, अंमल पाहावा तर औंध, आणि विषय पाहावा तर पाट. चारही उत्तरें बरोबर आहेत, आणि कागद मात्र एक आहे.

कागद रुमालांत बांधलेला होता तोंपर्यंत या प्रश्नास उत्तर नव्हतें. फार तर दुसऱ्या रुमालांत एक चिठी घालून ‘अमुक रुमाल पाहावा’ असें लिहून ठेवावें. हल्लीं बहुतेक संग्राहक कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत सांठवितात. तेथें या चिठीचेंच काम करणारें, पण चिठीहून पुष्कळच समर्थ असें एक साधन आहे. त्यास सांकेतिक दुवा म्हणतात. तें नवें नाहीं व अवघडही नाहीं. तरी आपल्या मंडळींत त्याचा उपयोग करणारे फारसे आढळत नाहींत, म्हणून हा लेख.

आधीं माझी चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं म्हसवडच्या आसमंतांतील एका घरीं असलेल्या रुमालाचीं छायाचित्रें घेण्याची परवानगी मला मिळाली. घरी आल्यावर उत्साहाच्या भरांत मीं तीं विषयवार वांटलीं : वतन, देवस्थान, पाटपाणी, कर्जरोखे, घरगुती. एखादें पत्र दोन विषयांचें निघालें कीं त्याची नक्कल करून ती दुसऱ्या फोल्डरांत टाकावयाची. प्रत्येक छायाचित्रास विषयानुरूप नवें नांव व नवा क्रमांक दिला. मांडणी पाहावयास सुरेख झाली.

पहिला धक्का कालगणनेनें दिला. एका पत्रावर सुहूर सन सबा तिसैन व अलफ, म्हणजे १०९७, व महिना रमजान होता. सुहूर सनांत ५९९ मिळवून मीं १६९६ हें साल काढलें व तेंच तिन्ही नकलांच्या नांवांत घातलें. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास पालटतें, त्यामुळें पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. आणि त्या वर्षींचा रमजान १६९७ च्या मार्च-एप्रिलांत पडतो. चूक ध्यानांत आल्यावर मीं ती दुरुस्त केली, पण एकाच नकलेंत. इतर दोन तशाच राहिल्या, आणि पुढें एका टिपणांत मींच माझ्या जुन्या नकलेवरून १६९६ लिहून बसलों. नक्कल जितक्या ठिकाणीं, तितक्या ठिकाणीं चूक जिवंत राहते.

दुसरा धक्का याहून वाईट होता. रुमालांतील एका पत्रास ना मायना ना मिति. त्याचें उत्तर वाटावें असा दुसरा कागद ‘घरगुती’ या वर्गांत होता. दोन्ही एकाच घडींत होते अशी माझी आठवण आहे. तसें असेल तर पहिल्या पत्राचा काळ व लिहिणारा दोन्ही ठरतात. पण आठवण हा पुरावा नव्हे. पुन्हां त्या घरीं गेलों, तेव्हां मालकांनीं मोठ्या काळजीनें सर्व घड्या उलगडून कागद सरळ करून ठेवले होते. त्यांचा त्यांत कांहींच दोष नाहीं. छायाचित्रें ज्या क्रमानें घेतलीं त्यावरून तरी कांहीं कळावें, तर ते क्रमांक मींच पुसून टाकले होते. रुमालाचा क्रम हाही एक कागदच असतो, व तो मीं फाडला होता.

आतां दुवा म्हणजे काय तें पाहूं. आपल्या वाचकांस परिचित अशी उपमा द्यावयाची तर वरातीची देतां येईल. वरात म्हणजे पैसा नव्हे. अमुक महालाच्या वसुलांतून अमुक रक्कम अमक्यास पावती करावी, एवढा हुकूम. वरातदार ती घेऊन महालीं जातो व पैसा तेथें मिळतो. वरात फाडली म्हणून महालाचा वसूल घटत नाहीं. पण महालांत वसूलच नसेल, तर वरात कितीही शिक्कामोर्तबाची असो, हातीं कांहीं पडत नाहीं. सांकेतिक दुवा हा असाच एक इवलासा लेख आहे. त्याच्या पोटांत छायाचित्र नसतें. तें कोठें आहे त्याचा केवळ पत्ता असतो. आपण दुवा उघडला कीं संगणकाची कार्यप्रणाली तो पत्ता वाचते व त्या जागचें छायाचित्र पुढें ठेवते. चित्र दाखविणाऱ्या कार्यक्रमास आपण आडवाटेनें आलों याची दादही नसते. विंडोजमध्यें ‘शॉर्टकट’ म्हणून जी वस्तु असते ती याहून वेगळी. ती एक स्वतंत्र फाइल असून तिचा अर्थ सर्वच कार्यक्रमांस कळतो असें नाहीं.

दुव्याचें आकारमान म्हणजे त्या पत्त्याची लांबी. ‘म्हसवड’ या शब्दांत आपल्या डोळ्यांस चार अक्षरें दिसतात. हलन्ताचें चिन्ह व ह वेगळे धरले म्हणजे संगणकास तीं सहा चिन्हें होतात, आणि सध्यांच्या रूढ लेखनपद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘म्हसवड’ एवढाच पत्ता असलेला दुवा यामुळें १८ बाइटांचा भरतो. समजा, एका रुमालांत ४०० कागद आहेत व प्रत्येकाचें छायाचित्र ७० मेगाबाइटांचें आहे. मूळ संग्रह २८ गिगाबाइटांचा झाला. प्रत्येक कागद आणखी तीन मथळ्यांखालीं हवा म्हणून नकला केल्या तर एकूण ११२ गिगाबाइट होतील. त्याऐवजीं १२०० दुवे केले, तर त्यांतील सर्व पत्ते मिळून एका छायाचित्राच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास जातील. तथापि जागेची बचत हा माझ्या मतें गौण लाभ आहे. डिस्का आतां स्वस्त झाल्या आहेत. मुख्य लाभ हा कीं दुरुस्ती एकाच ठिकाणीं करावी लागते.

याचा एक थोरला भाऊ आहे, त्याचा उलगडा केल्याशिवाय घोटाळा होईल. युनिक्स घराण्याच्या प्रणालींत प्रत्येक फाइलीस आंत एक क्रमांक असतो, आणि आपण पाहतों तें नांव त्या क्रमांकास चिकटविलेली पाटी असते. एका क्रमांकास दोन पाट्या लावतां येतात. यास कठीण दुवा म्हणतात. त्या दोन नांवांत मूळ कोणतें व दुय्यम कोणतें हा भेद उरत नाहीं. एक काढलें तरी दुसऱ्यानें वस्तु मिळते. ज्याचें पाळण्यांतलें नांव एक व व्यवहारांतलें दुसरें, असा मनुष्यच तो. पण कठीण दुवा एका डिस्केवरून दुसरीवर देतां येत नाहीं व सामान्यतः संपूर्ण फोल्डरासही देतां येत नाहीं. सांकेतिक दुव्यास हीं दोन्ही बंधनें नाहींत. शिवाय संग्राहकास मूळ कोणतें हें स्पष्ट दिसत राहणेंच हितावह आहे.

या कल्पनेचा इतिहास थोडक्यांत असा. १९६५ मध्यें मल्टिक्स प्रणालीच्या आंखणींतच अशा दुव्यांची योजना होती. १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्सचा आरंभ केला, त्यांत कठीण दुवे तेवढे घेतले. सांकेतिक दुवे युनिक्समध्यें आले ते बर्कली विद्यापीठाच्या १९८३ च्या ४.२ या आवृत्तीनें. तेथून ते लिनक्स व मॅक या प्रणालींत उतरले. विंडोजमध्यें ते व्हिस्टा या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, करतां येऊं लागले. युनिक्सवजा प्रणालींत ‘एलएन’ ही आज्ञा, तिला ‘उणे एस’ हें चिन्ह, पुढें मूळ वस्तूचा पत्ता व शेवटीं दुव्याचें नांव, एवढें लिहिलें कीं काम झालें. मूळ आधीं व दुवा नंतर हा क्रम मात्र कित्येक वर्षें वापरणारेही उलटा करतात.

चुकीपासून शहाणपण घेऊन मीं पुढें जी मांडणी केली ती अशी. ‘मूळ’ या नांवाचें एक फोल्डर केलें. त्यांत रुमालागणिक एक फोल्डर, व रुमाल सोडतांना कागद ज्या क्रमानें हातीं आला त्या क्रमाचा निव्वळ आंकडा हेंच छायाचित्राचें नांव. त्यांत ना तारीख, ना विषय, ना माझी अक्कल. कागद दुसऱ्याच्या घडींत असेल तर तसें शेजारच्या टिपणांत लिहावयाचें. हें सर्व फोल्डर केवळ वाचनापुरतें खुलें ठेवावयाचें; कारण दुव्यावाटे उघडलेल्या छायाचित्रांत बदल करून तो सांठविला तर बहुधा मूळच बदलतें, व कांहीं कार्यक्रम तर दुवा पुसून त्याच्या जागीं नवीच फाइल लिहून ठेवतात. दुसरें फोल्डर ‘मांडणी’. त्याखालीं व्यक्ति, स्थळ, विषय व सन असे चार भाग, आणि चारही भागांत दुव्यांशिवाय दुसरें कांहीं नाहीं. सन हा केवळ ‘सन’ भागांतच दिसतो, दुव्यांच्या नांवांत नाहीं. त्यामुळें १६९६ चे १६९७ करावयाचें म्हणजे एक दुवा एका फोल्डरांतून उचलून दुसऱ्यांत ठेवावयाचा. काळ संशयित असेल तर दोन्ही सनांखालीं दुवा ठेवावा. छापील ग्रंथास ही सवड नसते. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत संपादिले. ते विषयवार आहेत, आणि छापील पानाचा स्वभावच असा कीं पत्र एका खंडांत बसविलें म्हणजे दुसऱ्या विषयाच्या अभ्यासकास सूचीवर भिस्त ठेवावी लागते.

नांवांच्या बाबतींत दुव्याचा उपयोग मला सर्वांत गोड वाटतो. दुवा संपूर्ण फोल्डरास देतां येत असल्यामुळें ‘राजेवाडी तलाव’ हा दुवा ‘म्हसवड तलाव’ या फोल्डराकडे, व ‘दक्षिण सातारा’ हा ‘सांगली’कडे वळवितां येतो. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं व लेखकागणिक रूपें बदलतात. कोणी ‘मसवड’ लिहिलें असेल तर तेंही रूप दुव्यानें राखतां येतें. १८८५ च्या सातारा ग्याझेटियरांत इंग्रजी रूप ‘व्ही’ घालून आहे, हल्लीं ‘डब्ल्यू’ घालतात. दोन्हींस जागा आहे. संगणकाचा काटेकोरपणाही येथें जाचतो : ऱ हें अक्षर एका चिन्हानें किंवा र व नुक्ता अशा दोन चिन्हांनीं लिहितां येतें, दिसतें सारखें, पण कित्येक प्रणाली तीं दोन वेगळीं नांवें मानतात. जुनें नांव चालू ठेवून नव्याकडे बोट दाखविण्याची ही रीत मोठमोठ्या व्यवस्थांतही आहे. कलकत्त्याचें नांव २००१ मध्यें कोलकाता झालें. जगांतील संगणक ज्या कोष्टकावरून स्थानिक वेळ ठरवितात, त्यांत भारताची वेळ कोलकात्याच्या नांवावर आहे, आणि कलकत्ता हें जुनें नांव नव्याचा दुवा म्हणून अद्याप ठेविलेलें आहे. तें काढलें असतें तर जुन्या नांवावर विसंबलेले कार्यक्रम अडले असते.

आतां दोष. वरातीप्रमाणें दुवाही निर्जीव होतो. मूळ छायाचित्र हलविलें किंवा पुसलें तरी प्रणाली दुव्यास कळवीत नाहीं. तो जुन्या पत्त्याकडे बोट करून उभाच राहतो. याचें उदाहरण साताऱ्यांतच आहे. रावबहादुर पारसनीस यांचा संग्रह ज्या ऐतिहासिक संग्रहालयांत होता, तें १९३९ मध्यें साताऱ्याहून पुण्यास डेक्कन कॉलेजांत हलविलें गेलें. त्यापूर्वींच्या ग्रंथांतील तळटीपा आजही वाचकास साताऱ्यास धाडतात. संग्रह सुरक्षित आहे, टीपही खोटी नव्हती. मधला पत्ता तेवढा मोडला. संगणकांत असें झाल्यास उपाय सोपा आहे : वस्तु हलविली कीं जुन्या जागीं नव्या जागेचा दुवा ठेवावा, म्हणजे जुने सर्व हवाले चालूं राहतात.

मोडतोड टाळण्यासाठीं पत्ता कसा लिहावा हेंही महत्त्वाचें आहे. पत्ता डिस्केच्या मुळापासून संपूर्ण लिहिला, तर संग्रह दुसऱ्या संगणकावर नेतांच सगळे दुवे एकदम मरतात. तोच ‘येथून दोन पायऱ्या वर जाऊन मूळ, त्यांत रुमाल ४, त्यांत कागद १७’ असा सापेक्ष लिहिला, तर ‘मूळ’ व ‘मांडणी’ हीं दोन्ही एकत्र हलविलीं असतां कांहीं बिघडत नाहीं. ‘येथून’ म्हणजे दुवा जेथें आहे तेथून. आपण जेथें बसलों आहों तेथून नव्हे. नवशिके येथेंच फसतात.

मेलेल्या दुव्याहून भयंकर असतो तो चुकीच्या ठिकाणीं जिवंत असलेला दुवा. कागद १७ निरुपयोगी म्हणून काढला व १८ ला १७ क्रमांक दिला, तर १७ कडे जाणारे सर्व दुवे कसलीही कुरकुर न करतां भलताच कागद दाखवूं लागतील. दुव्यास वस्तूची ओळख नसते, पत्त्याची असते. म्हणून एकदां दिलेला क्रमांक पुन्हां दुसऱ्यास देऊं नये. कोरा कागद निघाला तरी त्याची जागा कोरीच राहूं द्यावी.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. ‘माने : म्हसवडकर पाहा’ आणि ‘म्हसवडकर : माने पाहा’ अशी सूची आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. दुव्यांचेंही असें चक्र बनूं शकतें. आपण सूचीच्या पानांत किती वेळ घुटमळतों तें ज्याच्या त्याच्या चिकाटीवर आहे. लिनक्स मात्र एका शोधांत ४० दुवे ओलांडल्यावर हात टेकतो व तसें कळवितो.

ज्या घराण्यांनीं कागद पाहूं दिले पण सर्वांस दाखवूं नये अशी अट घातली, त्यांच्याविषयीं एक खुलासा करणें जरूर आहे. दुवा दिला म्हणजे परवानगी दिली असें होत नाहीं. मूळ फोल्डरास कुलूप असेल, तर उघड्या मांडणींत दुवा दिसला तरी अनधिकारी माणसास छायाचित्र उघडत नाहीं. तथापि दुव्याचें नांव वाचतां येतें, व पुष्कळदां नांवानेंच गुपित फुटतें; अशा कागदाच्या दुव्यास नुसता क्रमांक द्यावा.

देवघेवीच्या वेळीं तर विशेष सावध राहावें. खिशांतून नेण्याच्या पेनड्राइव्हवर बहुधा जी मांडणीपद्धति असते, फॅट किंवा एक्सफॅट, तींत सांकेतिक दुव्यास स्थानच नाहीं. तिच्यावर संग्रह उतरविला तर कार्यक्रमाप्रमाणें दुवे गळतात, किंवा प्रत्येक दुव्याच्या जागीं पूर्ण नक्कल बसते व ज्या घोटाळ्यांतून सुटका करून घेतली तोच परत येतो. सर्व संग्रह ‘टार’ या पद्धतीनें एका गांठोड्यांत बांधून न्यावा. त्यांत दुवे दुवेच राहतात. कोणास संग्रह सोंपविण्यापूर्वीं मेलेले दुवे शोधण्याची आज्ञा एकदां चालवावी, आणि कोणता दुवा कोणत्या मूळ कागदाकडे जातो याची साधी यादी लिहून किंवा छापून मूळ रुमालांतच ठेवावी. डिस्क बिघडली तरी तेवढ्यावरून मांडणी पुन्हां उभी करतां येते.

म्हसवडकडील तो रुमाल मीं या पद्धतीनें नव्यानें लावला आहे. मिति नसलेलें पत्र व त्याचें उत्तर वाटणारा कागद ‘मूळ’ फोल्डरांत वेगवेगळ्या क्रमांकांवर आहेत, कारण आज ते तसे सांपडतात. ‘विषय’ या भागांत मात्र दोघांचे दुवे एकाच फोल्डरांत असून त्याचें नांव ‘एक घडी, संशयित’ असें आहे.